लाल झाकण, निळं झाकण

गावातल्या सगळ्यांची साखर उतरली. लाल झाकणवाल्यांची उतरली, निळ्या झाकणवाल्यांचीही उतरली, आणि दोघांची अगदी बरोबरीनं उतरली.

हे वरचं तुम्ही वाचलेलं नाही. मीही लिहिलेलं नाही. अभ्यास संपेपर्यंत संशोधकाला निकाल माहीत नसावा, असा नियम आहे, आणि मी नियमानं चालणारा माणूस असल्यामुळे मला अजून काहीच माहीत नाही. तर सुरुवात करतो.

मी आदिनाथ, अंबडचा. संभाजीनगरच्या एका संस्थेत तरुण शास्त्रज्ञ घडवायचा दोन वर्षांचा कार्यक्रम चालतो, त्यात मला घडवायला घेतलंय. विषय चयापचयाचे आजार. आमच्या आईनं, म्हणजे दैवशालाबाईंनी, हा शब्द मोठ्या कष्टानं पाठ केला आणि आता एसटीत शेजारी बसेल त्याला ती सांगते, "आमचा आदिनाथ चयापचयात हाय." लोक म्हणतात, "होईल हो बरा, काळजी नका करू."

पहिलं वर्ष एका नळीतला थेंब दुसऱ्या नळीत टाकण्यात जातं. वर्षाच्या शेवटी प्रत्येकानं गावात जाऊन एक छोटा अभ्यास स्वतः करायचा आणि समितीपुढे मांडायचा. समितीला पटला तर दुसरं वर्ष, नाहीतर घर. घरी काकासाहेब मामांचं फवारणीच्या औषधांचं दुकान आहे. त्यांनी माझ्यासाठी गल्ल्याजवळ एक स्टूल राखून ठेवलंय. मी शास्त्रज्ञ व्हायला गेलो त्याच आठवड्यात त्यांनी त्या स्टुलाला नवं रेक्झिन मारून घेतलं, इतका त्यांचा माझ्यावर विश्वास.

मला त्या स्टुलावर बसायचं नव्हतं. गंमत बाजूला ठेवून सांगतो, मला हे काम आवडायला लागलं होतं. एवढ्याशा रक्ताच्या थेंबात माणसानं काय खाल्लं, किती चालला, कसली काळजी केली, हे सगळं येऊन बसलेलं असतं. ते बघताना आयुष्यात पहिल्यांदा माझं डोकं चालू पडलं होतं. ते बंद पडू नये, एवढंच मला हवं होतं.

अभ्यासासाठी मला मिळालेलं गाव जालना जिल्ह्यातल्या आष्टीपासून आत होतं. नाव सांगत नाही, कारण सहभागी लोकांची ओळख गुप्त ठेवायची असते. गावात मात्र प्रत्येकाला प्रत्येकाची साखर पाठ होती. पारावर लोक एकमेकांना आकड्यानंच हाक मारायचे. "ये रे दोनशे चाळीस, बस."

अभ्यास सोपा होता. ज्या घरात साखरेचा पेशंट आहे, त्या घराला पिठाचा डबा द्यायचा. काही डब्यांत साधी ज्वारी, काही डब्यांत ज्वारीत सातू, मेथी आणि संस्थेनं शोधलेलं आणखी काहीबाही. झाकणं लाल आणि निळी. कोणाला कुठलं झाकण, ते कॉम्प्युटरनं ठरवलेलं. कुठल्या झाकणाखाली काय, ते फक्त आमच्या मीना मॅडमना माहीत. मला मुद्दाम सांगितलं नव्हतं. मला काही माहीत नाही, हे ऐकून मामांना अजिबात आश्चर्य वाटलं नाही. चवीवरून फरक कळणार नाही, असं अभ्यासाच्या कागदावर लिहिलं होतं. कागदाला बहुतेक खरंच कळला नसावा.

तीन महिने हेच पीठ खायचं आणि मग रक्तातली तीन महिन्यांची साखर मोजायची. अट एकच. मी घरोघर जाऊन हात जोडून सांगितलं, "आपल्या डब्यातलं पीठ दुसऱ्याला द्यायचं नाही."

"बिलकुल न्हाई द्यायचो," गाव म्हणालं.

आणि खरंच दिलं नाही. हे लोक शब्दाचे पक्के आहेत, हे मला इथंच नोंदवायचं आहे.

माझा मुक्काम दुर्गाबाईंच्या पडवीत होता. दुर्गाबाई म्हणजे निळं झाकण. भिंतीपलीकडच्या चतुराबाई लाल. अभ्यास निम्मा झाला तेव्हा एका दुपारी मी जेवायला बसलो होतो. भिंतीवरून एक हात आला. हातात फडक्यात गुंडाळलेल्या तीन भाकरी आणि वर वाटीत शेपूची भाजी. दुर्गाबाईंनी ते घेतलं, वाटी रिकामी केली, धुतली आणि आपल्या दोन भाकरी त्याच फडक्यात घालून परत भिंतीवर ठेवलं. पलीकडून हात आला, घेऊन गेला. इतकं सराईत काम मी प्रयोगशाळेतही पाहिलं नव्हतं.

माझा घास तोंडातच राहिला. "मावशी, हे काय?"

"काय हे?"

"ही चतुरामावशीच्या पिठाची भाकर आहे ना? लाल डब्यातली?"

"मंग? तिच्या घरी तिच्याच पिठाची राहीन ना."

"पण मी सांगितलं होतं, पीठ द्यायचं नाही म्हणून!"

दुर्गाबाईंनी माझ्याकडे बघितलं. "पीठ कुठं दिलं लेकरा? ही भाकर हाय."

"तेच ना ते!"

"तेच कसं? पीठ म्हणलास, पीठ न्हाई दिलं. चिमूटभर न्हाई दिलं. परवा ती चतुरा दिवा करायला पिठाचा गोळा मागत होती, तर मी न्हाई म्हणले. म्हणले, आदिनाथचा नियम हाय. भाकरीचं तू काही बोललाच न्हाईस."

"मग भाकर घेतली तर घेतली, परत आपली कशाला पाठवली?"

"आन् फडकं रिकामं धाडू? तुझ्या आईनं काही शिकवलं का न्हाई तुला?"

मी जेवण सोडून गावभर फिरलो. प्रत्येक भिंतीवरून, प्रत्येक कुडातल्या भोकातून, शाळेत जाणाऱ्या पोरांच्या दप्तरांतून भाकरी इकडून तिकडे चालल्या होत्या. बाळंतिणीला, पाहुण्याला, शेतातल्या गड्याला, आणि काहीच कारण नसलं तर शेजारणीला. लाल आणि निळं केव्हाच एकमेकांच्या पोटात गेलं होतं. पीठ मात्र एका घराचं दुसऱ्या घरी चिमूटभर गेलं नव्हतं. त्याबद्दल प्रत्येक घरानं माझ्याकडून शाबासकीची अपेक्षा केली आणि मी ती दिली.

मीना मॅडमना फोन केला. मॅडम चांगल्या आहेत, ओरडत नाहीत, त्यामुळे जास्त भीती वाटते.

"आदिनाथ, दोन्ही गट एकच खात असतील तर तुलना कशाची करणार?"

"कशाचीच नाही, मॅडम."

"अजून निम्मे दिवस आहेत. आता तरी गट वेगळे ठेव. काहीतरी दिसलं तर समितीपुढे मी बोलेन. काहीच नसलं तर मला बोलता येणार नाही, बाळा."

त्यांनी बाळा म्हटलं, तेव्हा मला स्टुलाचं रेक्झिन स्पष्ट दिसलं.

संध्याकाळी मी पडवीत तोंड पाडून बसलो होतो. दुर्गाबाईंनी शेवटी काढूनच घेतलं.

"म्हणजी आमच्या भाकरीपायी तुझी नौकरी जाईन?"

"नोकरी नाही, शिक्षण. पण जाईल."

त्या उठल्या, पायात चपला घातल्या आणि ग्रामपंचायतीत गेल्या. थोड्या वेळानं भोंगा वाजला, "साखरवाल्यांनी उद्या सकाळी शाळेत जमावं. बिनसाखरेचे आले तरी चालतील."

शाळेच्या व्हरांड्यात सगळं गाव आलं. दुर्गाबाईंनी विषय मांडला. लेकरू परक्या गावचं, आपल्या भरवशावर आलं, आपण त्याचं वाटोळं केलं. आजपासून लाल आणि निळ्यात काही द्यायचं घ्यायचं नाही. भाकर न्हाई, भाजी न्हाई, काहीच न्हाई.

सगळ्यांनी माना डोलवल्या. फक्त पुंजाराम काका उभे राहिले. पुंजाराम काका एसटीच्या डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले. विहाराच्या बाजूच्या आळीत त्यांचं घर, झाकण लाल.

"कोणाच्या घरचं कोणी खायचं, कोणाच्या घरचं न्हाई, हे ठरवायलाच बसलोत ना आपण?" ते म्हणाले. "आमच्या आळीला हे नवीन न्हाई. त्या टायमाला झाकणाला रंग नव्हता, एवढंच."

व्हरांड्यात एक जण उगीच खोकला.

"ते वायलं व्हतं दादा," दुर्गाबाई हळू आवाजात म्हणाल्या. "हे या पोरासाठी हाय."

"तवाबी कशासाठी तरीच व्हतं," पुंजाराम काका म्हणाले. मग माझ्याकडे बघितलं. मी काय चेहरा केला होता मला माहीत नाही, पण त्यांनी सुस्कारा टाकला. "बरं. पोरगं शिकून राह्यलंय. त्याची मुदत हाय तवर. वर एक दिस न्हाई." आणि खाली बसले.

मला तेव्हाच उठून काहीतरी बोलायला हवं होतं. मी आभार मानले.

त्यानंतर गावानं जे केलं ते कुठल्याही देशातल्या कुठल्याही सहभागी लोकांनी केलं नसेल. हॉटेलवाल्यानं दोन किटल्या केल्या. दुधाचे रतीब बदलले. एका घरी हळद होती, तिथं जेवणाच्या पंगती दोन बसल्या, लाल आणि निळी, आणि वाढपी पळीला हात लावायच्या आधी विचारायचा, "कोणतं झाकण?" नवरदेव लाल निघाला, नवरी परगावची, म्हणजे बिनझाकणाची. तिला कुठं बसवायचं, यावर नवरदेवाच्या आणि नवरीच्या मामांत बाचाबाची झाली. आणखी एका ठिकाणी सोयरीक ठरत आली होती, ती पुढं ढकलली. मुलाच्या आईनं मला वाटेत गाठून सांगितलं, "पोरगी चांगलीय रे, पण निळी हाय. तुझं संपलं की बघू." दुर्गाबाईंचं कुत्रं दोन्हीकडे खायचं. त्याचं काय करायचं, असा प्रश्न माझ्याकडे आला. मी त्याला निरीक्षक नेमलं.

मॅडमना फोनवर सांगितलं, आता एकदम पक्कं वेगळं झालंय. त्या म्हणाल्या, "शाब्बास. गावाला इतकं समजावून सांगणं सोपं नसतं." मला बरं वाटलं. खरं सांगतो, फार बरं वाटलं. फक्त भिंतीवरून हात यायचा बंद झाला होता, आणि जेवताना दुर्गाबाईंची नजर तिकडं जायची. पलीकडून चतुराबाईंच्या बांगड्या वाजल्या की त्या उगीच भांडं आपटायच्या. दोघी बोलायच्याही बंद झाल्या होत्या. भांडण नव्हतं. द्यायला काही नसलं तर बोलायचं कशावरून, हे दोघींना सुचत नव्हतं.

कडूबा आजा त्याच गल्लीत, टोकाच्या खोलीत एकटा राहायचा. बायको वारलेली, पोरगी सासरी सुरतेला. झाकण निळं. पण आजाला भाकर कुठं थापता येते? त्याचा डबा चुलीशेजारी तसाच भरलेला, आणि त्याची भाकर रोज समोरच्या घरून यायची. समोरचं घर चतुराबाईंचं. चतुराबाई लाल.

हे मला माहीत असायला हवं होतं. माझ्या अभ्यासात त्याचं वजन, उंची, कमरेचा घेर, सगळं होतं. त्याला जेवायला कोण घालतं, हा प्रश्न आमच्या प्रश्नावलीत नव्हता.

बंदीनंतर ती भाकर थांबली; चतुराबाईंना वाटलं, आता निळ्यातलं कोणी देत असेल. आजानं कोणाला काही सांगितलं नाही. नियम मोडला तर पोराचं शिक्षण जाईल, म्हणून तो दिवसाला दोन बिस्किटांवर राहायला लागला. साखरेची गोळी मात्र चुकवायचा नाही, कारण मीच त्याला दटावलं होतं, गोळी चुकवायची नाही म्हणून.

मधल्या तपासणीचे रक्ताचे नमुने घ्यायला मी दुपारी गेलो तर आजा उंबऱ्यात बसलेला. अंगावरचं धोतर घामानं भिजलेलं, हात थरथरत होते, आणि तो माझ्याकडे बघून म्हणाला, "सोपान, बैलं सोडली का रे?" मी सोपान नव्हतो. बैलंही नव्हती.

साखर मोजायची मशीन लावायची गरजच नव्हती, तरी लावली. आकडा फारच खाली होता. वर्षभर मी साखर वाढल्यावर काय होतं तेच शिकलो होतो, आणि माझ्यासमोर एका माणसाची साखर संपत आली होती. गोळी पोटात, भाकर नाही.

"साखर! साखर द्या कोणीतरी!" मी ओरडलो.

समोरच्या दारात चतुराबाई आल्या. हातात साखरेचा डबा होता. त्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि तिथं थांबल्या.

"आदिनाथ," त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि पाय हलत नव्हता. "आम्ही लाल हाव रे. चालल का तुला?"

मी आतापर्यंत बऱ्याच गोष्टींवर विनोद केलेत. यावर मला अजून जमलेला नाही.

"चालेल! मावशी, चालेल, आणा!"

त्या धावतच आल्या. पाण्यात साखर कालवली, मी आजाला धरलं, त्यांनी घोट घोट पाजली. दुर्गाबाईही आल्या. थोड्या वेळानं आजानं ओठ चाटले, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, "कोण, आदिनाथ? काय करून राह्यलास रे, माझं पाणी गोड केलंस का? मला साखर हाय."

चतुराबाई हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या. मग त्यांनी घरातून भाकर आणली, दुधात कुस्करली आणि स्वतःच्या हातानं त्याला भरवली. दुर्गाबाईंनी तोवर आपल्या घरची आमटी आणून वाटीत ओतली. लाल भाकर, निळी आमटी. आजा मचमच खात होता आणि मी उंबऱ्यावर बसून माझं पुढचं वर्ष त्याच्या पोटात जाताना बघत होतो. मला एकदाही त्याला थांबवावंसं वाटलं नाही.

मी तसाच ग्रामपंचायतीत गेलो, भोंग्याचं बटण दाबलं आणि सांगितलं की लाल-निळं आजपासून संपलं, ज्यानं ज्याला जे द्यायचं ते द्यावं, चूक गावाची नाही, माझी आहे. परत येताना पुंजाराम काकांच्या दारावरून आलो. ते खाटेवर पेपर वाचत होते.

"मुदत संपली का?"

"नाही काका. मीच मोडलं."

त्यांनी पेपर खाली ठेवला. "मंग शिक्षणाचं?"

"बघू."

"बस," ते म्हणाले, आणि आत आवाज दिला, "चांगुणाबाई, चहा टाका. निळ्यावाल्यांकडून दूध आणा. तेवढंच बोलणं होईन."

रात्री नाही, तेव्हाच, तिथूनच मी मॅडमना फोन करून सगळं सांगितलं.

"समितीला काय सांगणार?" त्यांनी विचारलं.

"आजोबा जिवंत आहेत, हे."

"तो निष्कर्ष होत नाही, आदिनाथ."

"हो मॅडम."

त्या म्हणाल्या, "पण बरं केलंस. आणि पुढच्या तुकडीच्या प्रश्नावलीत तो प्रश्न घालायला हवा. जेवायला कोण घालतं." मग फोन ठेवला.

तीन महिने झाल्यावर रक्त तपासलं. सगळ्यांची साखर उतरली होती. लालची उतरली होती, निळ्याची उतरली होती, आणि दोघांची अगदी बरोबरीनं. हे तुम्ही आत्ता पहिल्यांदा वाचताय. संशोधनाच्या भाषेत याला दोन गटांत फरक नाही असं म्हणतात, म्हणजे अभ्यास फसला. गावाच्या भाषेत, सगळ्यांची उतरली, म्हणजे अभ्यास जमला. भोंग्यावरून आकडे वाचून दाखवावेत, अशी मागणी आली. ती मी नाकारली. लोकांनी आपापले आकडे पारावर जाऊन स्वतःच वाचून दाखवले.

समिती सभ्य होती. पाणी दिलं. एका सरांनी चष्मा काढून विचारलं, "तुमच्या सहभागी व्यक्तींना एकमेकांपासून वेगळं ठेवता आलं नाही, हे मान्य आहे का?" मी म्हटलं, ठेवता आलं होतं सर, काही दिवस अगदी उत्तम ठेवलं होतं, त्याचीच भीती वाटली. सरांनी चष्मा परत घातला. शेवटी असं ठरलं की मला आणखी संधी का द्यावी, ते मी लेखी कळवावं. मामांना हे सांगितलं. ते म्हणाले, "लिही लिही. स्टूल कुठं जात न्हाई."

म्हणून लिहिलं. खाली देतो.

प्रति, मा. अध्यक्ष, मूल्यमापन समिती. विषय : नमुन्याची संख्या दुरुस्त करण्याबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंतीपूर्वक कळवण्यात येते की, सदर अभ्यासात मी सहभागी व्यक्तींची संख्या चुकीची नोंदवली होती. प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिले असता, तिथे अनेक व्यक्ती नसून एकच व्यक्ती आढळून आली. तिला अनेक चुली आहेत व पोट एकच आहे. तरी सदर गावास एक रुग्ण समजण्यात यावे. सदर रुग्णाचे वय काही शतके असल्यामुळे वयोमर्यादेची अट शिथिल करण्यात यावी, व संमतीपत्रावर एकापेक्षा जास्त अंगठे असल्याबद्दल हरकत घेण्यात येऊ नये. सदर रुग्णाची साखर उतरलेली असून प्रकृती ठीक आहे. मात्र तुलनेशिवाय हा निष्कर्ष ग्राह्य धरता येत नाही, याची मला जाणीव आहे. सबब, तुलनेसाठी असे एक गाव, जेथे कोणीही कोणास भाकर देत नाही व प्रत्येकाचे फडके रिकामे परत जाते, ते दुसऱ्या वर्षाच्या आरंभापूर्वी मला उपलब्ध करून देण्यात यावे. जालना जिल्ह्यात असे गाव शिल्लक नसल्यास लगतच्या जिल्ह्यातून मागवण्यात यावे, आणि ते पोहोचेपर्यंत माझी जागा रिक्त समजण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.